वरचं भोक बुजवलं, खालच्यांचं काय?

छातीत सुरू होऊन पाठीत उतरत गेलेली ती कळ ज्यांनी सोसली, त्यांच्या तोंडी ‘काहीतरी फाटलं’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. शब्द अचूक आहेत. महाधमनीचं आतलं अस्तर खरोखरच फाटलेलं असतं. काही दिवस अतिदक्षता विभागात जातात, औषधांनी रक्तदाब खाली येतो, कळ थांबते आणि रुग्ण घरी परततो. घरच्यांच्या लेखी दुखणं संपलेलं असतं. छातीत मात्र ती फाट तशीच असते आणि रक्त रात्रंदिवस दोन वाटांनी वाहत असतं.

हा आढावा या घरी परतलेल्या माणसाचा आहे. वैद्यकात त्याच्या आजाराला महाधमनीचं जुनं डिसेक्शन म्हणतात. जांघेतल्या धमनीतून तार घालून त्याच्या महाधमनीत स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीवर शिवलेली कापडी नळी, बसवता येते. ती कोणाला बसवायची, कधी बसवायची आणि बसवल्यावर नेमकं काय साधतं, यावर गेली पंचवीस वर्षं वाद सुरू आहे. उत्तरं अर्धी हाती आली आहेत. उरलेली अर्धी अवघड आहेत आणि ती तशी का आहेत, हे रुग्णांना व नातेवाइकांना समजलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

महाधमनीच्या भिंतीला तीन पदर असतात. आतला अगदी नाजूक, मधला जाड आणि लवचिक तंतूंचा, बाहेरचा चिवट. आतल्या पदराला चीर गेली की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्त मधल्या पदरात घुसतं आणि कोटाचं अस्तर उसवत जावं तशी भिंत लांबवर उसवत जाते. एका नळीच्या दोन नळ्या होतात. मूळची ती खरी वाट, भिंतीत नव्याने पडलेली ती खोटी वाट, आणि दोन्हींच्या मधे पडदा. या पडद्याला सहसा एकच भोक नसतं. पुढची सगळी अडचण इथूनच सुरू होते. रक्त जिथून शिरलं ती मोठी चीर वर, छातीत. पण खाली पोटात, आतड्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या धमन्या जिथून फुटतात तिथे, उसवताना त्यांची तोंडं पडद्यापासून तुटतात आणि तिथेही भोकं पडतात. एखादं मूत्रपिंड खऱ्या वाटेवर जगतं, दुसरं खोट्या वाटेवर. म्हणजे खोटी वाट सरसकट बंद करावी म्हटलं तर एखादा अवयवच उपाशी मरायचा.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९७० साली केलेली विभागणी आजही वापरात आहे. हृदयातून वर चढणाऱ्या महाधमनीत फाट असेल तर ए प्रकार. त्यात तातडीने छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. चढती महाधमनी शाबूत असेल तर बी प्रकार, आणि त्यात फाट बहुतेक वेळा डाव्या हाताची धमनी निघाल्यानंतर लगेच सुरू होते. गुंतागुंत नसलेल्या बी प्रकारात औषधांवर भर असतो. म्हणूनच जुन्या डिसेक्शनचे रुग्ण बहुतांशी बी प्रकारातून येतात. पण ए प्रकारात शस्त्रक्रियेने जीव वाचलेल्या अनेकांची पुढची, छातीतून पोटात उतरणारी महाधमनी फाटलेलीच राहते. वर्षं लोटली की त्यांचाही प्रश्न हाच होतो. ‘ऑपरेशन झालंय, आता काही उरलं नाही’ हा त्यांचा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो.

जुनं म्हणायचं कधीपासून? पूर्वी चौदा दिवस उलटले की डिसेक्शन जुनं मानलं जाई, कारण औषधं आणि शस्त्रक्रिया नव्हत्या त्या काळात बहुतेक मृत्यू पहिल्या दोन आठवड्यांतच होत. अमेरिकेतल्या रक्तवाहिनी आणि वक्ष शल्यचिकित्सकांच्या संस्थांनी २०२० साली एकत्र येऊन ठरवलेल्या मोजपट्टीनुसार आता पंधरा ते नव्वद दिवस हा मधला काळ आणि नव्वद दिवसांनंतर जुनं. मला ही नवी रेषा जास्त अर्थपूर्ण वाटते. चौदा दिवसांची रेषा माणूस किती दिवस तगतो यावरून आखलेली होती. नव्वद दिवसांची रेषा पडदा किती दिवस लवचिक राहतो याच्याशी जुळते. सुरुवातीला हा पडदा पातळ असतो, ठोक्यागणिक फडफडतो. आतून नळी फुलवली तर तो निमूटपणे बाजूला सरकून भिंतीला टेकतो. आठवडे जातात तसा त्यात तंतू वाढतात, तो जाड होतो आणि शेवटी ताठ होऊन जागच्या जागी राहतो. फाटलेली साडी ताजी असताना रफू करणं वेगळं, आणि तीच पाण्यात भिजून, उन्हात कडकून गेल्यावर हातात घेणं वेगळं.

दरम्यान खोट्या वाटेची बाहेरची भिंत पातळच राहते, कारण मूळच्या भिंतीतले आतले थर तिच्यापासून सुटलेले असतात. नळी जितकी रुंद तितका भिंतीवर ताण जास्त, आणि ताण जास्त तितकी ती आणखी फुगते. महाधमनीचा एकूण व्यास साडेपाच-सहा सेंटिमीटरकडे गेला, किंवा वर्षभरात सेंटिमीटरभर वाढला, की फुटण्याची भीती खरी होते. खोट्या वाटेत रक्त गोठलं तर बरंच, असं पूर्वी सरसकट मानलं जाई. १९९६पासून जगभरच्या डिसेक्शनच्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या ‘आयरॅड’ या नोंदणीतल्या २०१ रुग्णांचा अभ्यास २००७ साली आला आणि या समजाला धक्का बसला. खोटी वाट अर्धवट गोठलेल्यांचं मरणाचं प्रमाण ती पूर्ण उघडी असलेल्यांपेक्षाही जास्त निघालं. त्याचं एक संभाव्य कारण असं मांडलं गेलं, की गुठळीने खालची बाहेर पडायची भोकं बुजतात, वरून रक्त येतच राहतं आणि आत दाब साठतो. शेतात पाट फुटून पाणी शेजारच्या चारीत शिरावं आणि चारीचं खालचं तोंड गाळाने बंद व्हावं, तसं. बांध मग कुठेतरी ढासळणारच.

या आजारावरचे उपाय सुरुवातीला उघड्या शस्त्रक्रियेचेच होते. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली डिसेक्शनवरच्या यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रक्तवाहिनीच्या जागी डेक्रॉनच्या कापडाची नळी बसवायची ही कल्पना त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवून आजमावली होती. २००५च्या अखेरच्या दिवशी, ९७व्या वर्षी, त्यांच्याच महाधमनीचं चढत्या भागात डिसेक्शन झालं आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्यावर त्यांच्याच शाखेतली शस्त्रक्रिया झाली. ते आणखी दोन वर्षांहून जास्त जगले. पण उतरत्या महाधमनीची उघडी शस्त्रक्रिया म्हणजे डाव्या बरगड्यांमधून छाती, अनेकदा पोटही उघडायचं, महाधमनीला चिमटे लावायचे आणि त्या वेळात मणक्यातला मज्जारज्जू, मूत्रपिंडं, आतडी तगवून धरायची. साठीतला, सिगारेट ओढलेला, रक्तदाबाने थकलेला माणूस हे सहज झेलत नाही.

पर्याय आला तो नळीच्या आतून. खार्किव्हमध्ये निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ साली छातीतल्या महाधमनीत पहिला स्टेंट-ग्राफ्ट बसवला. त्याची दखल जगाने फार उशिरा घेतली. १९९१च्या सुमारास पोटातल्या महाधमनीसाठी ब्वेनोस आयरेसच्या हुआन पारोदी यांचं काम गाजलं, आणि १९९४ साली स्टॅनफर्डच्या मायकेल डेक यांच्या गटाने छातीतल्या फुगवट्यांसाठी ते रूढ केलं. डिसेक्शनवर हे वापरण्याचे दोन शोधनिबंध १९९९ साली एकाच वेळी आले, एक स्टॅनफर्डचा आणि दुसरा जर्मनीतल्या क्रिस्टोफ नीनाबर यांचा. नीनाबर यांच्या १२ रुग्णांपैकी कोणीही दगावलं नाही. तुलनेला घेतलेल्या शस्त्रक्रियेच्या १२ रुग्णांपैकी वर्षभरात ४ दगावले. आकडे लहान असले तरी त्यांनी वारं फिरवलं.

वरची चीर कापडाने झाकली, खोट्या वाटेतला जोराचा ओघ तोडला, की ती गोठेल, आक्रसेल आणि खरी वाट पुन्हा फुलेल, हे गृहीतक. ते खरं ठरतं का हे तपासायला नीनाबर यांनीच ‘इन्स्टेड’ ही चाचणी केली. या सगळ्या विषयात मला सर्वांत शिकवून जाणारी चाचणी हीच. गुंतागुंत नसलेल्या, आजाराला दोन ते बावन्न आठवडे झालेल्या १४० रुग्णांचे दोन गट केले: एकाला फक्त उत्तम औषधं, दुसऱ्याला औषधं आणि स्टेंट-ग्राफ्ट. २००९ साली दोन वर्षांचा निकाल आला. औषधांच्या गटात ९५.६ टक्के जिवंत, स्टेंट-ग्राफ्टच्या गटात ८८.९ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा नव्हता, पण दिशा उलटी होती. अनेकांनी तिथेच प्रश्न मिटवला. मग २०१३ साली त्याच रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब आला. महाधमनीमुळे होणारे मृत्यू औषधांच्या गटात १९.३ टक्के, स्टेंट-ग्राफ्टच्या गटात ६.९ टक्के. आजार पुढे सरकणं एकीकडे ४६.१ टक्के, दुसरीकडे २७ टक्के.

किंमत आधी मोजावी लागते आणि फळ तीन-चार वर्षांनी दिसतं, हे त्या दोन निकालांतून कळतं. प्रक्रियेचा धोका पहिल्या काही महिन्यांत असतो. फुटण्याचा धोका सावकाश, वर्षानुवर्षं साठत जातो. दोन वर्षांवर थांबणारा अभ्यास फक्त किंमत मोजतो. तरीही मी या आकड्यांवर सगळा भार टाकणार नाही. १४० ही संख्या लहान आहे, सर्व कारणांच्या मृत्यूंमधला फरक पाच वर्षांनीही निर्विवाद ठरला नाही, आणि आजच्या व्याख्येने पाहिलं तर त्यात मधल्या काळातले आणि जुने असे दोन्ही रुग्ण मिसळलेले होते. पडदा अजून लवचिक असलेल्यांनी निकाल चांगला दाखवला आणि ताठ झालेल्यांनी तो खाली खेचला, असं घडलं असणं अगदी शक्य आहे.

कारण खऱ्या अर्थाने जुन्या, फुगलेल्या डिसेक्शनमध्ये वरची चीर झाकूनही खोटी वाट बऱ्याचदा मरत नाही. जुन्या बी प्रकारावर स्टेंट-ग्राफ्ट बसवल्याचे १७ अभ्यास, मिळून ५६७ रुग्ण, एका गटाने २०११ साली एकत्र मांडले. सुमारे नव्वद टक्के रुग्णांमध्ये नळी ठरल्या जागी नीट बसली होती. खोटी वाट गोठण्याचं आणि पुन्हा उपचार लागण्याचं प्रमाण मात्र अभ्यासागणिक इतकं वेगळं होतं की सरासरीला अर्थच उरू नये. कारण उघड आहे. वरून येणारं पाणी अडवलं, पण खालची भोकं उघडी. रक्त पोटातल्या भोकांतून खोट्या वाटेत शिरतं आणि उलटं वर चढतं. छातीतल्या फुगवट्याला दाब मिळतच राहतो. ताठ पडद्यामुळे नळीही पूर्ण फुलत नाही. शिवाय, नळीचं खालचं टोक कडक पडद्यावर सतत घासत राहिलं तर तिथे नवीन भोक पडू शकतं, म्हणजे दुरुस्तीनेच नवी फाट.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतली बहुतेक नवी तंत्रं या खालच्या भोकांशी झगडण्यासाठी निघाली. त्यांची नावं पाहिली की शिंपीकाम या शाखेतून गेलेलं नाही हे जाणवतं. ‘पेटीकोट’ तंत्रात कापडी नळीच्या खाली उघडी जाळी बसवतात. जाळीतून शाखांना रक्त मिळत राहतं आणि खरी वाट पोटापर्यंत ताणून धरली जाते. खरी वाट रुंदावते, पण भोकं उघडीच राहत असल्याने पोटातली खोटी वाट गोठेलच असं नाही. ‘स्टॅबिलाइज’ तंत्रात ती जाळी आतून फुग्याने फुलवून पडदाच फाडतात आणि दोन वाटांची एक वाट करतात. पडदा ताजा असेल तर हे जमतं. हॅम्बुर्गच्या टिलो कोल्बेल यांच्या गटाने जुन्या आजारासाठी दोन मार्ग सुचवले. एकात मधे आवळलेली, चॉकलेटच्या कागदासारखी दिसणारी नळी खोट्या वाटेतच बसवून तिचं मधलं छिद्र बुचाने बंद करतात, म्हणजे खालून चढणारं रक्त छातीच्या खालच्या टोकाशी अडतं. दुसऱ्याला गुडघ्यापर्यंतच्या फुगीर विजारीवरून ‘निकरबॉकर’ म्हणतात: खऱ्या वाटेतल्या रुंद नळीचा मधला भाग फुग्याने इतका फुगवायचा की पडदा फाटून नळी थेट बाहेरच्या भिंतीला टेकावी. विजेच्या तारेने किंवा लेझरने पडदा मुद्दाम चिरून नळीला बसायला समान जागा करण्याचेही प्रयत्न आता होत आहेत.

आजार पोटापर्यंत पसरला असेल तर प्रत्येक अवयवासाठी खिडकी किंवा शाखा असलेली नळी लागते. ती अनेकदा त्या रुग्णाच्या सीटी स्कॅनच्या मापावरून शिवून घ्यावी लागते. त्यात आठवडे, कधी महिने जातात, आणि त्या वाट पाहण्यातही महाधमनी फुटू शकते. शाखांची तयार नळी मिळते, पण अरुंद खऱ्या वाटेत तिच्या शाखा उघडायला जागा पुरत नाही. मूत्रपिंडाची धमनी खोट्या वाटेतून निघत असेल तर पडदा भेदून पलीकडे जावं लागतं. यातलं काहीच महिन्यातून एकदा करणाऱ्याने करावं असं काम नाही.

या सगळ्यातला जो धोका मला सर्वांत मोठा वाटतो, तो महाधमनीच्या बाहेर, पाठीच्या कण्यात असतो. महाधमनीच्या मागच्या बाजूने जोडीजोडीने निघणाऱ्या बारीक धमन्या मज्जारज्जूला रक्त देतात. त्यांतली मोठी, १८८२ साली तिचं वर्णन करणाऱ्या अल्बर्ट अॅडमकीविच यांच्या नावाने ओळखली जाणारी धमनी साधारण छातीच्या खालच्या टोकाशी असते. कापडी नळी जितकी लांब, तितक्या या धमन्या झाकल्या जातात. माणूस भुलेतून जागा होतो आणि पाय हलत नाहीत. कधी हे दोन दिवसांनी, रक्तदाब खाली गेल्यावर घडतं. म्हणून जपून काम करणाऱ्या केंद्रांत ते टप्प्याटप्प्याने करतात, म्हणजे मज्जारज्जूला आजूबाजूचे मार्ग वाढवायला वेळ मिळतो. लाइपझिगच्या गटाने तर मुख्य प्रक्रियेच्या काही आठवडे आधी यांतल्या काही बारीक धमन्या मुद्दाम बंद करून शरीराला ही सवय लावण्याची रीत मांडली. कमरेतून नळी घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढणं, रक्तदाब वर ठेवणं, डाव्या हाताची धमनी झाकायची असेल तर मानेतून तिला आधी जोड देणं, हे त्याच काळजीचे भाग. डावीकडच्या छातीतली धमनी वापरून बायपास झालेल्या रुग्णात ही जोड टाळता येतच नाही, कारण त्याच्या हृदयाचं रक्त त्याच धमनीतून येतं. नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते हाच असावा: मज्जारज्जूसाठी तुम्ही काय करणार आहात?

उघडी शस्त्रक्रिया मग कालबाह्य झाली का? तरुण, धडधाकट रुग्णात अजिबात नाही. मार्फान किंवा लोइस-डाएट्झसारख्या आनुवंशिक दुबळेपणात तर भिंतच कच्ची असते. जाळीचा सततचा ताण तिला सोसत नाही, म्हणून तिथे शिवलेली कापडी नळीच बरी, आणि स्टेंट-ग्राफ्ट सहसा तातडीत किंवा आधीच्या शिवलेल्या कापडात टेकवायचा असेल तरच. महाधमनीच्या कमानीतला, म्हणजे हृदयावरून वळणाऱ्या भागातला, आजार असेल तर ‘हत्तीची सोंड’ नावाची शस्त्रक्रिया आहे. हॅनोव्हरच्या हान्स बोर्स्ट यांनी १९८३ साली कमानीतून खाली लोंबणारी कापडी सोंड सोडून ठेवली. आज ती सोंड जाळीसह येते आणि पुढे जांघेतून बसवलेल्या नळीला भक्कम टेकू देते. उघडी शस्त्रक्रिया आणि नळीच्या आतून केलेला उपचार या दोन्ही शाखा एकमेकींच्या स्पर्धक असल्यासारखं अजून लिहिलं जातं. जुन्या डिसेक्शनच्या चांगल्या केंद्रांत त्या एकाच टेबलावर बसून निर्णय घेतात.

कोणताही उपाय केला किंवा टाळला, तरी औषधं आयुष्यभर चालतात. बीटा ब्लॉकर गटातली गोळी ठोक्याचा जोर कमी करते. गरजेप्रमाणे इतर गोळ्यांनी रक्तदाब साधारण १२०-१३०च्या आत ठेवावा लागतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडणं इथे सर्वांत महाग पडतं. पाण्याचा भरलेला हंडा उचलणं, श्वास रोखून जड वजन ओढणं टाळायला हवं. आणखी एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांमुळे महाधमनी फाटण्याचा किंवा फुटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८मध्ये दिला. जुलाबावर, लघवीच्या जळजळीवर ही औषधं आपल्याकडे दुकानातून सहज घेतली जातात. ज्याची महाधमनी आधीच उसवलेली आहे, त्याने औषधाच्या दुकानात हे बोलून दाखवलंच पाहिजे.

नव्वद दिवसांच्या आत, पडदा लवचिक असतानाच, गुंतागुंत नसलेल्यांनाही नळी बसवावी का, हे तपासण्यासाठी अमेरिकेत ‘इम्प्रूव्ह-एडी’ आणि स्कँडिनेव्हियात ‘संडे’ या चाचण्या सुरू झाल्या आहेत. त्यांचा कौल काहीही लागो, तो उद्याच्या रुग्णांना उपयोगी पडेल. ज्यांचा पडदा आज ताठ झालाय, त्यांना व्यासाच्या वाढीवर नजर ठेवूनच जगायचं आहे. त्यासाठी पहिला सीटी अँजिओ हवा आणि पुढचे त्याच जागी मोजलेले हवेत: महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने, मग दरवर्षी. कॉन्ट्रास्टने मूत्रपिंडांवर ताण येतो, खर्चही होतो. तिथे अधूनमधून एमआरआय चालतो. अहवालाच्या कागदावर ‘फारसा बदल नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. मिलिमीटर मोजायचे तर मूळ चित्रं लागतात, आणि ती सीडी बहुतेक घरांत पहिल्या वर्षातच हरवते. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या खाली पुढच्या सीटीची तारीख हाताने लिहून द्यावी, आणि कार्डाच्या पिशवीतच ती सीडी ठेवायला सांगावं.